राष्ट्रीय शोकप्रसंगी खेळ चालू ठेवावेत काय?

शाळेच्या वार्षिकात खेळांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा विजयाचे असते. ढाल कोणी मिळविली, लांब उडीत पहिला कोण आला, आंतरशालेय सामन्यांत आपला संघ कोणत्या फेरीपर्यंत पोहोचला, ह्या वार्ता विद्यार्थी आवडीने वाचतात, आणि त्या पानावर आपल्या पाल्याचे नाव आहे की नाही हे पालक आधी पाहतात. ते स्वाभाविकच आहे. आज मात्र आम्ही खेळ केव्हा खेळू नये ह्याविषयी चार शब्द लिहिणार आहोत. देशावर घोर आपत्ती कोसळली, शेकडो माणसे प्राणांस मुकली, किंवा ज्याला सारे राष्ट्र आपला मानीत होते असा पुरुष अकस्मात हिरावला गेला, तर ठरलेले सामने व्हावेत की न व्हावेत? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आणि तो केवळ मोठ्या शहरांतील मोठ्या मैदानांचा आहे असेही नाही. असा प्रसंग आमच्या क्रीडासंमेलनाच्या आदल्या दिवशी आला, पटांगणावर चुन्याच्या रेघा मारून झालेल्या असल्या, तर शाळेने काय करावे ह्याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा. कारण त्या घटकेस विचार करण्याइतके मन कोणाचेच स्वस्थ नसते.

ह्या बाबतीत दोन मते नेहमी ऐकू येतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, शेजारच्या घरात मृत्यू झाला असता आपल्या अंगणात चेंडू खेळणे हा जसा असभ्यपणा, तसाच राष्ट्र शोकात असता सामने भरविणे हाही असभ्यपणाच होय. दुसरा पक्ष म्हणतो की, जगाचे रहाटगाडगे कोणासाठी थांबत नाही. आणि आपत्ती जर कोणा दुष्टाने आणली असेल, तर आपण घाबरून खेळ बंद करावेत हीच त्याची इच्छा, ती आपण का पुरवावी? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्ष आपापले वाक्य उच्चारून मोकळे होतात आणि पुढचा विचार करीत नाहीत, अशी आमची तक्रार आहे. ‘खेळ थांबवा’ म्हणणारा किती दिवस ते सांगत नाही; ‘खेळ चालू द्या’ म्हणणारा कोणत्या रीतीने ते सांगत नाही.

ह्याचे उत्तर शोधावयास फार दूर जावयास नको. आपल्याकडे कित्येक गावांत अशी चाल आहे की, कोणी वारले तर प्रेत उचलले जाईपर्यंत शेजारपाजारच्या घरांत चूल पेटत नाही. लहान मुले भुकेने रडत असली तरी त्यांस काही कोरडे खावयास देतात, पण धूर निघू देत नाहीत. माणसे स्मशानातून परतली, आंघोळी झाल्या, की मग चुली पेटतात, आणि त्याच चुलींवरची पिठलेभाकरी सुतकी घरी जाते. पुढे दहावा होतो, तेरावा होतो, आणि व्यवहार पुन्हा सुरू होतात. मध्यंतरी जवळच्या घरी लग्न निघालेले असेल व तिथी टळण्यासारखी नसेल, तर ते लग्न होते; पण वाजंत्री नसते, वरात निघत नाही. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी घरांतील रीती निराळ्या. तरी शोकाचे काही दिवस राखून ठेवावेत ही समज त्यांतही आहेच. आमच्या वाडवडिलांनी क्रिकेटचे सामने डोळ्यांपुढे ठेवून ह्या चाली घातल्या नाहीत हे उघड आहे. परंतु शोकाला मुदत असते, पहिला काळ मृतांचा असतो, आणि त्यानंतर काय चालू करावयाचे व काय वगळावयाचे ह्यांत विवेक लागतो, एवढे त्यांना ठाऊक होते.

ही कसोटी आम्ही अलीकडच्याच एका प्रसंगास लावून पाहतो. २०२५ सालच्या एप्रिल महिन्याच्या २२ तारखेस काश्मीरात पहलगाम येथे २६ निरपराध माणसे गोळ्या घालून मारण्यात आली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील सहा जण होते. दुसऱ्याच दिवशी सायंकाळी हैदराबादेस आय. पी. एल. चा ठरलेला सामना झाला. खेळाडूंनी दंडांवर काळ्या फिती बांधल्या, सर्वांनी उभे राहून मौन पाळले, नाचगाणे व आतषबाजी वगळण्यात आली. जे वगळले ते योग्यच वगळले, आणि त्याबद्दल चालकांस नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्या सायंकाळी डोंबिवलीस त्या मृतांपैकी काहींना अखेरचा निरोप दिला जात होता, त्याच सायंकाळी दुसऱ्या शहरात षटकार मोजले जावेत, हे आम्हांस रुचले नाही. सामना एक दिवस पुढे गेला असता तर कोणाचे काय बिघडले असते? वेळापत्रक बिघडले असते, हे उत्तर आम्हांस माहीत आहे. त्याच स्पर्धेचे वेळापत्रक पुढे पंधरा-सोळा दिवसांत सीमेवरील लढाईमुळे एक आठवडा थांबवावे लागले आणि १७ मे रोजी ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे वेळापत्रक ही काही दगडावरची रेघ नव्हती.

घाई केल्याचा पश्चात्ताप कसा होतो ह्याचे एक जुने उदाहरण अमेरिकेत आहे. १९६३ साली नोव्हेंबरच्या २२ तारखेस, शुक्रवारी, डॅलस शहरी अध्यक्ष केनेडी ह्यांची हत्या झाली. रविवारी तेथील व्यावसायिक फुटबॉलचे सामने ठरलेले होते. फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा नव्हे, हाताने चेंडू घेऊन धावण्याचा त्यांचा निराळा खेळ. संघटनेचे प्रमुख पीट रोझेल ह्यांनी अध्यक्षांच्या कचेरीतील आपल्या एका जुन्या मित्राचा सल्ला घेतला आणि सामने होऊ दिले. प्रतिस्पर्धी संघटनेने आपले सामने पुढे ढकलले. त्या रविवारी अध्यक्षांचे शव अजून पुरले गेले नव्हते; दफनविधी सोमवारी झाला. पुढे रोझेल ह्यांनी आपला तो निर्णय चुकीचा होता असे स्वतःच कबूल केले, आणि २००१ साली सप्टेंबरात न्यूयॉर्कवर हल्ला झाला तेव्हा त्याच संघटनेने त्या आठवड्याचे सगळे सामने पुढे ढकलले.

परंतु ह्याच १९६३ च्या कथेचा दुसरा भाग आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो. अमेरिकेच्या भूदलाच्या व नौदलाच्या शिक्षणसंस्थांमध्ये दर वर्षी एक मोठा सामना होतो. केनेडी स्वतः नौदलात होते व त्यांस त्या सामन्याची फार आवड. तो ३० नोव्हेंबरास व्हावयाचा होता. तो मुळीच होऊ नये असा विचार चालला असता केनेडी ह्यांच्या कुटुंबीयांनीच तो व्हावा अशी इच्छा दर्शविली. आणि आठवडाभर पुढे ढकलून ७ डिसेंबरास तो झाला. एकाच देशात, एकाच मृत्यूनंतर, दोन आठवड्यांच्या आत झालेले हे खेळ. एकाची आठवण लाजेने काढली जाते व दुसऱ्याची आदराने. कारण पहिल्याच्या वेळी विचारणा झाली ती सरकारी कचेरीत, आणि दुसऱ्याच्या वेळी ज्यांच्या घरचा माणूस गेला होता त्यांचे मत मानले गेले. आमच्या मते साऱ्या वादातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. शोक कोणाचा, हे आधी पाहावे. आणि त्यांस विचारता येण्यासारखे असेल तर विचारावे.

म्यूनिक येथे हे झाले नाही, असे आम्हांस वाटते. १९७२ सालच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी ५ सप्टेंबरास पहाटे अतिरेकी खेळाडूंच्या वसतिगृहात शिरले. इस्राएलचे अकरा खेळाडू व मार्गदर्शक त्यात मारले गेले. एक जर्मन पोलीसही मेला. ओलीस धरलेली माणसे अजून जिवंत होती, तेव्हाही त्या सकाळी काही सामने चालूच होते, हे वाचून आजही अंगावर काटा येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मैदानावर मोठी शोकसभा झाली आणि सायंकाळी खेळ पुन्हा सुरू झाले. ऑलिंपिक मंडळाचे त्या वेळचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज ह्यांनी शोकसभेतच खेळ चालले पाहिजेत असे निक्षून सांगितले. त्या निर्णयाचे समर्थन करणारे आहेत, आणि त्यांचा मुद्दा अगदी टाकाऊ नाही: शंभराहून अधिक राष्ट्रांचा मेळा काही बंदूकवाल्यांच्या भयाने उधळू देणे हेही शोभणारे नव्हते. पण ब्रंडेज ह्यांनी त्याच भाषणात ऱ्होडेशियाचा संघ स्पर्धेतून वगळावा लागला ह्याचे दुःख आणि अकरा माणसांचा खून ही दोन्ही एका पंक्तीस बसविली. ऐकणाऱ्यांस ते लागले, आणि लागावे असेच ते होते. पुढे दर चार वर्षांनी ऑलिंपिक भरत राहिले. मृतांच्या विधवा व मुले विनंती करीत राहिली की, उद्घाटनाच्या वेळी त्या अकरा जणांसाठी एक मिनिट मौन पाळावे. ते मौन उद्घाटनसमारंभात पहिल्या प्रथम पाळले गेले २०२१ साली, टोकियो येथे. मध्ये एकोणपन्नास वर्षे गेली. ज्या मुलांनी बापाचा चेहराही नीट पाहिला नव्हता ती स्वतः पन्नाशीस आली. खेळ एका दिवसात सुरू झाले ह्यापेक्षा मौनास एकोणपन्नास वर्षे लागली, हे आम्हांस अधिक दुःसह वाटते.

आता आपल्या मुंबईचा एक जुना वाद सांगतो. १९४० सालच्या डिसेंबरात पंचरंगी क्रिकेट सामने व्हावयाचे होते. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि ‘इतर’ असे पाच संघ त्यांत खेळत, आणि सामन्यांच्या दिवसांत अर्धी मुंबई दुसरे काही बोलत नसे. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरास विनोबा भावे ह्यांनी वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला होता. पुढारी एकामागून एक तुरुंगात जात होते. युरोपात महायुद्ध पेटलेले होते. अशा वेळी सामने व्हावेत काय, असे लोकांनी महात्मा गांधींस विचारले. त्यांनी सेवाग्रामाहून उत्तर दिले ते असे की, सारे विचारी जग युद्धामुळे शोकात असता अशा करमणुकी त्यांस पसंत नाहीत, व सामने थांबविण्याच्या चळवळीस त्यांची सहानुभूती आहे. शिवाय धर्मवार संघ पाडून खेळण्याची चालच सोडून द्यावी, असेही त्यांनी सुचविले. त्या वर्षी हिंदू संघ सामन्यांतून बाहेर राहिला. पुढच्याच वर्षी तो परत आला, आणि धर्मवार सामने बंद पडावयास १९४६ साल उजाडावे लागले.

धर्मवार संघांविषयी महात्माजींनी जे सांगितले ते सोळा आणे खरे होते, हे काळाने ठरविले. परंतु खेळ ही एक करमणूक, आणि शोककाळी करमणूक नको, ह्या त्यांच्या विचाराशी आम्ही नम्रपणे थोडा मतभेद दाखवू इच्छितो. शाळेच्या वार्षिकाने महात्माजींशी मतभेद दाखवावा ह्याचे कोणास हसू येईल, येवो. खेळ ही निव्वळ करमणूक असती तर शाळेने त्यासाठी तास राखून ठेवले नसते. ज्या दिवशी राष्ट्र शोकात असते त्या दिवशीही शेतकरी मोट धरतो, टपालवाला पत्रे वाटतो, आणि सुट्टी नसेल तर आम्ही भूमितीचा तास घेतोच. भूमितीने शोकाचा अपमान होत नाही, मग कबड्डीने का व्हावा? होत असेल तर तो कबड्डीने होत नाही. तिच्याभोवती जो ढोलताशांचा, घोषणांचा व बक्षिसांचा गलबला असतो त्याने होतो. खेळ आणि उत्सव ह्या दोन वस्तू आहेत. त्या आपण इतक्या दिवस एकत्र बांधून ठेवल्या आहेत की वेगळ्या करता येतात हेच विसरलो आहोत.

त्या वेगळ्या करून दाखविल्या जपानातील शाळकरी मुलांनी. तेथे बेसबॉल हा खेळ आपल्याकडील क्रिकेटसारखा लोकप्रिय आहे, आणि दर वर्षी वसंत ऋतूत देशभरातील निवडक हायस्कुलांचे सामने कोशिएन नावाच्या मैदानावर होतात. २०११ सालच्या ११ मार्चास जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर प्रचंड भूकंप झाला व समुद्राची लाट आत शिरली. पंधरा हजारांहून अधिक माणसे मेली, हजारो बेपत्ता झाली, गावेच्या गावे वाहून गेली. सामने २३ मार्चास सुरू व्हावयाचे होते, म्हणजे अवघ्या बारा दिवसांनी. सामने घ्यावेत की न घ्यावेत ह्यावर तेथेही मतभेद झाला. अखेर ते घेतले गेले. परंतु बँडपथके व ढोल मैदानावर आणू दिले नाहीत, आणि विजेची टंचाई होती म्हणून दिवे न लावता दिवसाउजेडीच खेळ उरकले. आपत्तीत सापडलेल्या सेन्दाई शहरातील एका शाळेचा संघही आला होता. तो पहिल्याच सामन्यात हरला. पण साऱ्या देशाच्या डोळ्यांपुढे तो खेळला. उद्घाटनाची शपथ घेणाऱ्या मुलाने सांगितले की, त्याच्या वयाची मुले कोबे शहराच्या भूकंपाच्या वर्षी, म्हणजे १९९५ साली, जन्मलेली आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. एका आपत्तीच्या वर्षी जन्मलेली मुले दुसऱ्या आपत्तीत सापडलेल्या आपल्या देशबांधवांसाठी मैदानावर उभी होती, आणि त्यांस ह्याची जाणीव होती.

त्याच देशात त्याच महिन्यात मोठ्या माणसांच्या व्यावसायिक बेसबॉलची एक संघटना मात्र मार्च संपण्याच्या आतच आपला हंगाम सुरू करू पाहत होती. घरोघरी वीज तोडली जात असता रात्रीच्या सामन्यांचे दिवे कसे लावता, असे लोकांनी विचारले. खुद्द खेळाडूंनीही हरकत घेतली. आणि हंगाम १२ एप्रिलपर्यंत लांबला. मुलांनी जे सहज ओळखले ते मोठ्यांस दटावून सांगावे लागले. असे नेहमीच होते असे आम्ही म्हणत नाही, पण होते खरे.

विजेच्या ह्या गोष्टीवरून आणखी एक विचार सुचतो. शोकाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली, तरी पीडितांच्या तोंडचा घास तर खेळ काढून घेत नाही ना, हे पाहिले पाहिजे. २०१२ सालच्या ऑक्टोबरात २९ तारखेस न्यूयॉर्कवर वादळ आदळले व समुद्र शहरात शिरला. ४ नोव्हेंबरास तेथील प्रसिद्ध लांब पल्ल्याची शर्यत ठरलेली होती. महापौर प्रथम ती होणारच म्हणून सांगत राहिले. पण शर्यतीचा आरंभ ज्या स्टेटन बेटावर व्हावयाचा तेथेच वादळाने सर्वांत मोठा अनर्थ केला होता. लोक अंधारात व थंडीत बसलेले, आणि शर्यतीच्या तंबूंसाठी वीज उत्पन्न करणारी यंत्रे आणून ठेवलेली. लोक खवळले, आणि २ नोव्हेंबरास शर्यत रद्द झाली. दूरदूरच्या देशांतून आलेले कित्येक धावपटू रविवारी पाठीवर पाणी, कपडे व औषधे घेऊन त्याच बेटावर गेले. ह्याच्या उलट, २००१ सालच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या एका बेसबॉल मैदानाच्या आवारात प्रथम मदतीचे सामान उतरविले गेले, आणि दहा दिवसांनी, २१ सप्टेंबरास, त्याच मैदानावर खेळ झाला. तेव्हा खेळाडूंच्या डोक्यांवर अग्निशामक दलाच्या व पोलिसांच्या टोप्या होत्या. आधी मदत व मग खेळ हा क्रम तेथे पाळला गेला, म्हणून कोणास तो खेळ खटकला नाही.

ह्याहून निराळाही एक दोष आहे, तो म्हणजे शोकाचा देखावा. २०२२ सालच्या सप्टेंबरात ८ तारखेस इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ निवर्तली. खेळ बंद ठेवण्याची सक्ती नाही असे सरकारने कळविले असताही फुटबॉलच्या चालकांनी त्या आठवडाअखेरचे झाडून सगळे सामने पुढे ढकलले. गल्लीबोळांतील लहान मुलांचेसुद्धा. लंडनच्या ओव्हल मैदानावर क्रिकेटचा कसोटी सामना चालू होता. तो एक दिवस बंद ठेवून शनिवारी सुरू केला गेला. हजारो प्रेक्षक स्तब्ध उभे राहिले, मग राष्ट्रगीत झाले, आणि मग खेळ. राणीस मान कोणी अधिक दिला? घरी बसविलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी, की एकत्र उभ्या राहिलेल्या त्या प्रेक्षकांनी? कोणी आपल्यास निष्ठुर म्हणू नये एवढ्याच भयाने जे बंद केले जाते, त्यात शोक किती आणि संकोच किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आमच्या मनात ह्या विषयाचा जो आदर्श आहे तो २००८ सालचा. २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईवर हल्ला झाला तेव्हा इंग्लंडचा क्रिकेट संघ हिंदुस्थानातच होता. त्याच दिवशी कटकला एक सामना झाला होता. २९ तारखेच्या सकाळपर्यंत मुंबई जळत होती. १६६ माणसे मेली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत बसलेली गोरगरीब कुटुंबे त्यांत होती, कामा रुग्णालयाजवळ पडलेले हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे पोलीस अधिकारी होते, आणि गिरगाव चौपाटीवर रिकाम्या हातांनी बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे होते. उरलेले दोन एकदिवसीय सामने रद्द झाले, आणि पाहुणे परत गेले. त्यांस कोणी नावे ठेविली नसती, ते पुन्हा आले नसते तरी. पण ते आले. अहमदाबाद व मुंबई येथील कसोटी सामने मद्रास, म्हणजे आताचे चेन्नई, आणि मोहाली येथे हलविण्यात आले, व ११ डिसेंबरास चेन्नईस खेळ सुरू झाला. २९ नोव्हेंबरपासून मोजले तर तो तेरावा दिवस येतो. हा निव्वळ योगायोग. कोणी पंचांग पाहून तारीख ठरविली नव्हती. पण आमच्या घरांतून ज्या दिवशी सुतक फिटते त्याच दिवशी खेळ पुन्हा सुरू झाला, हे लक्षात आल्यावर आम्हांस फार समाधान वाटले.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. हिंदी संघास शेवटच्या डावात ३८७ धावा हव्या होत्या. वीरेंद्र सेहवागने ६८ चेंडूंत ८३ धावा काढून वाट मोकळी केली, आणि १५ डिसेंबरास आपल्या मुंबईच्या सचिन तेंडुलकरने नाबाद १०३ धावा करून, युवराज सिंगच्या सोबतीने, सहा गडी राखून सामना जिंकून दिला. शतकानंतर तो नाचला नाही. ते शतक त्याने मुंबईच्या हल्ल्यात सापडलेल्या लोकांस वाहिले. त्याने मृत माणसे परत येत नाहीत हे तोही जाणत होता. तरी त्या सायंकाळी मुंबईत कित्येक घरांत तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणी मोठ्याने बोलले असेल, असे आम्हांस वाटते. पहिले सामने रद्द झाले नसते तर हे शतक आम्हांस टोचले असते. दुसरे झाले नसते तर हे शतकच झाले नसते.

१९४८ सालची गोष्ट ह्याच्या शेजारी ठेवावी. ३० जानेवारीस महात्माजींची हत्या झाली तेव्हा लाला अमरनाथ ह्यांचा संघ ऑस्ट्रेलियात होता. दोनच दिवसांपूर्वी संपलेल्या ॲडलेडच्या सामन्यात आपल्या सांगलीच्या विजय हजारे ह्यांनी दोन्ही डावांत शतके केली होती. ६ फेब्रुवारीस मेलबर्न येथे पाचवा कसोटी सामना सुरू झाला. इकडे अस्थिविसर्जन १२ तारखेस व्हावयाचे होते. परक्या देशात, घरापासून हजारो मैलांवर, पाहुणे म्हणून गेलेल्या त्या अकरा जणांनी काय करावयाचे? ते खेळले. विनू मंकड ह्यांनी शतक केले, हजारे ह्यांनी ७४ धावा केल्या, आणि आपला संघ डावाने हरला. तेरा दिवसांचा आमचा हिशेब येथे लागू पडत नाही हे आम्ही जाणतो. आणि तरीही त्यांस दोष द्यावयास आमचे मन घेत नाही. यजमानाच्या दारी दिलेला शब्द हाही एक धर्मच आहे.

तेव्हा आमच्या शाळेपुरते आम्ही काय म्हणतो? असा दुर्धर प्रसंग आलाच, तर पहिल्या दिवशी सर्व खेळ बंद ठेवावेत व मृतांस अग्नी किंवा माती मिळेपर्यंत ते सुरू करू नयेत. पुढे क्रीडासंमेलन रद्द न करता त्याच सत्रात केव्हातरी घ्यावे. कारण जो विद्यार्थी यंदा शालान्त परीक्षेस बसून शाळा सोडणार, त्याची शेवटची शर्यत पुढच्या वर्षावर टाकता येत नाही. बँड शाळेतच कपाटात राहावा. अल्पोपहाराचे व बक्षिसांचे पैसे आपद्ग्रस्तांच्या निधीस पाठवावेत. कप व ढाली पुढील वर्षी दिल्या तरी मुले मोठ्या मनाने थांबतील, अशी आमची खात्री आहे. पालकांस एक विनंती: पाहुणे म्हणून या, पण त्या दिवशी टाळ्या वाजवाव्यात की नाही हे मुलांकडे पाहून ठरवा. आणि शाळेत असा एखादा मुलगा वा मुलगी असेल की आपत्तीची झळ ज्याच्या घरापर्यंत पोहोचली आहे, तर काहीही ठरविण्यापूर्वी वर्गशिक्षकांनी त्याच्या घरी जावे, चार गोष्टी बोलाव्यात, आणि त्या घराची इच्छा हेडमास्तरांच्या कानी घालावी. ते मूल धावू म्हणेल तर त्यास धावू द्यावे. आणि त्या दिवशी ते घरीच राहू इच्छील, तर हजेरीपटावर त्याची गैरहजेरी मांडू नये.